बँकेतून आणलेल्या परचुरणाच्या पाकिटांत नेमकं काय आणि कसं शोधायचं? (बडोदं)

परचुरण_पेटी (दांडिया बाजार)

नमस्कार. बँकेतून सुट्ट्या नाण्यांची पाकिटं आणली आहेत: एकची ६, दोनची ४, पाचची ४ आणि दहाची २. प्रत्येकात शंभर, म्हणजे १६०० नाणी, ५४०० रुपये. संग्रहाजोगं असेल ते काढून बाकीचं परत भरायचं आहे.

अमेरिकेतले लोक बँकेतून क्वार्टरचे (पाव डॉलरच्या नाण्यांचे) कागदात गुंडाळलेले रोल आणून शोधतात, ते पाहूनच हे सुचलं. पण तिथली रीत इथे किती लागू पडते, ते कळत नाही. विचारायचं ते असं: सुरुवात कुठल्या पाकिटापासून करू? एकेक नाणं उलटसुलट बघत बसले तर महिना जाईल, तेव्हा चाळणी लावायची काही रीत आहे का? सालाखालच्या बारीक खुणा नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, भिंग कितीचं घेऊ? आणि उरलेलं परत देताना खिडकीवर कटकट होऊ नये म्हणून काय करायचं?

घरात एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा आहे आणि फ्रिजला लावायचं चुंबक आहे.

---

काठ_बघा_आधी

ताई, क्वार्टरचं आधी बाजूला ठेवा, कारण त्या शोधामागचं कारणच वेगळं आहे. तिथे एका रोलमध्ये ४० क्वार्टर, म्हणजे १० डॉलर. १९६४ सालापर्यंतच्या क्वार्टरमध्ये ९० टक्के चांदी होती, पुढे तांब्याच्या गाभ्यावर तांबं-निकेलचा पत्रा चढवलेलं नाणं आलं. म्हणून तिथे रोल उघडला की सगळ्यात आधी काठ बघतात. काठावर तांबूस रेघ नाही, सगळा पांढरा, तर चांदी असण्याचा संभव. शिवाय २०१९ आणि २०२० मध्ये वेस्ट पॉइंट टांकसाळीची 'डब्ल्यू' खुणेची क्वार्टर मुद्दाम चलनात सोडली, प्रत्येक नमुन्याची २० लाख. शोधणाऱ्याला ही दोन आमिषं पुरेशी आहेत.

आपल्याकडे रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया नुसत्या निकेलचा झाला. पाकिटात चांदी नाही, हे धरूनच चाला. गायकवाडी नाण्यांची आशाही नको, बडोद्याचा बाबाशाही रुपया १९०१ मध्येच बंद होऊन ब्रिटिश रुपया आला. आपल्याला शोधायचे आहेत ते बदललेले धातू, टांकसाळीच्या खुणा, स्मारक नाणी आणि पाडताना झालेल्या चुका.

पाकीट फोडण्यापूर्वी ते कुठून आलं ते ओळखा, अर्धं काम तिथेच होतं. एक प्रकार टांकसाळीतून नव्या पिशव्यांत येऊन करन्सी चेस्टमार्गे (बँकेतली रिझर्व्ह बँकेच्या नोटा-नाण्यांची कोठी) शाखेत पोचलेल्या मालाचा. त्यात सगळी नाणी एका सालाची, एका टांकसाळीची, चकचकीत. तिथे जुनं काही मिळणार नाही, पण हाताळणी न झालेली चांगली नाणी आणि ताज्या चुका मिळतात. दुसरा प्रकार दुकानदार, देवळं, बसवाले यांच्याकडून परत आलेल्या मालाचा. तो मळकट, सालं मिसळलेली, पाकिटाला स्टेपल किंवा गाठ. जुन्या मालासाठी हा. दहा नाणी वर काढा. सगळ्यांचं साल एकच आलं तर ते पाकीट बाजूला ठेवून आधी दुसरं घ्या.

सुरुवात पाचच्या पाकिटांपासून करा. आपल्या चलनात धातूची सर्वांत जास्त उलथापालथ पाचातच झाली, म्हणून काटा तिथेच सर्वांत जास्त बोलतो. १९९२ ते २००४ चं जाड पांढरं पाच तांबं-निकेलचं, ९ ग्रॅम, २३ मिमी. मग २००७ च्या सुमाराचं स्टीलचं, ६ ग्रॅम, २३ मिमी, मागे लाटा. २००९ पासून पिवळं निकेल-पितळेचं, ६ ग्रॅम, २३ मिमी. आणि २०१९ च्या मालिकेतलं पिवळंच, पण २५ मिमी आणि ७.७४ ग्रॅम.

आता हिशोब बघा. शंभर साधी पिवळी म्हणजे ६०० ग्रॅम. पाकिटात एक जाडं आलं की ३ ग्रॅम वाढतात, २०१९ च्या मालिकेतलं आलं की १.७४. पाकीट ६३० भरलं तर दहा जाडी असतील, नाहीतर सतराएक नवी. पाकीट न फोडता बाहेरून चाचपडलं तरी २५ मिमीची कड इतरांच्या बाहेर आलेली लागते. मोजणी ९८ किंवा १०१ असू शकते, एका नाण्याने ६ ग्रॅमचा फरक पडतो, तेव्हा वजनावरून शपथ घेऊ नका. चार पाकिटांतलं आधी कुठलं फोडायचं एवढंच ते सांगतं. पिशवीचं वजन वेगळं करून वजा करा.

मग चुंबक. स्टीलचं नाणं चिकटतं. तांबं-निकेल आणि निकेल-पितळ चिकटत नाही. पाचातली पांढरी नाणी एका बाजूला काढून त्यांवरून चुंबक फिरवलं की ६ ग्रॅमची स्टीलची उचलली जातात आणि ९ ग्रॅमची खाली राहतात. जाड्या नाण्याच्या काठावर मधोमध खाच असते, तीही बघून घ्या.

फ्रिजचं चुंबक कमी पडेल. जुन्या स्पीकरचं गोल चुंबक चांगलं. ते दुधाच्या रिकाम्या, धुतलेल्या पिशवीत घाला, नाणी उचला आणि पिशवी मोज्यासारखी उलटी करून चुंबक ओढून घ्या, नाणी पिशवीतच राहतात. फार ताकदीचं निओडिमियम चुंबक नव्या नाण्यांवर वापरू नका. नाणी एकमेकांवर आपटतात आणि सिंहाच्या गालावर टोचे पडतात, ते पुढे निघत नाहीत.

दोनच्या पाकिटात आधी अकरा कोपऱ्यांची नाणी वेचा. तांबं-निकेल, ६ ग्रॅम, २६ मिमी, चुंबकाला दाद देत नाहीत. रोजच्या नाण्यावर मागे भारताचा नकाशा आणि झेंडा असतो. नकाशा नसेल ते स्मारक नाणं. सरदार पटेल १९९६, छत्रपती शिवाजी महाराज १९९९, सर्वोच्च न्यायालयाची पन्नाशी २०००, संत तुकाराम २००२, रेल्वेची १५० वर्षं २००३. एकच्या पाकिटात तसंच: १९९२ ते २००४ च्या स्टीलच्या रुपयावर मागे दोन कणसं असतात, कणसं नसली की थांबा. संत ज्ञानेश्वर १९९९ हे मराठी घरात हवंच. चुंबकाला न चिकटलेला २६ मिमीचा, ६ ग्रॅमचा रुपया निघाला तर तो १९९२ च्या आधीचा तांबं-निकेलचा. त्यात १९९० चं डॉ. आंबेडकरांचं निघालं तर पाकीट वसूल.

दहाची शेवटी घ्या. पंधरा किरणांचं खोटं आणि दहा किरणांचं खरं ही अफवा आहे. पंधरा किरणांवाल्यावर रुपयाचं नवं चिन्ह नाही, दहा किरणांवाल्यावर आहे, कारण चिन्ह स्वीकारलं गेलं जुलै २०१० मध्ये आणि नाण्यांवर आलं २०११ पासून. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं की तोवर दहाचे १४ नमुने निघालेत आणि सगळे चालतात. लोक दहाचं नाणं घ्यायला कुरकुरतात, त्यामुळे ती बँकेकडे लवकर परततात, हे आपल्या फायद्याचं. होमी भाभा, रिझर्व्ह बँकेची ७५ वर्षं, संसदेची ६० वर्षं, २०१५ चे महाराणा प्रताप, डॉ. आंबेडकर, योग दिन असे बरेच निघतात.

---

ठसा_आणि_ठोका

वरच्या उत्तरात टांकसाळीचं राहिलं. ते पुरं करतो.

खूण सालाच्या खाली असते. चौकट म्हणजे कोनावर उभा केलेला चौकोन, मुंबई. पाच टोकांचा तारा, हैदराबाद. गोल ठिपका, नोएडा, जिथे नाणी १९८८ पासून पडू लागली. काहीच नाही, कोलकाता.

भिंग १० पटीचं, सोनार वापरतात तसं घडीचं. ते डोळ्याला चिकटवा आणि नाणं वर आणा. भिंग नाण्यावर ठेवून डोळा लांब ठेवला तर काही दिसत नाही. उजेड वरच्या ट्यूबलाइटचा नको. टेबलदिवा एका बाजूने, जवळजवळ आडवा ठेवा.

चुकतं कुठे तर तारा आणि ठिपका यांत. झिजलेल्या ताऱ्याची टोकं आधी जातात आणि मधला फुगवटा राहतो, तो ठिपक्यासारखा भासतो. मग नाणं जागच्या जागी हळूहळू फिरवायचं. नोएडाचा ठिपका गुळगुळीत घुमटासारखा असतो, त्याची सावली कुठूनही सारखीच वळते. ताऱ्याची सावली फिरताना तुटते, बुडाशी टोकांमधल्या खाचांत काळा मळ अडकलेला दिसतो. तो मळ काढू नका, ओळख पटायला तोच कामाला येतो.

दुसरी चूक 'खूण नाही' ठरवण्याची. ठशात, म्हणजे नाण्यावर चित्र उठवणाऱ्या साच्यात, वंगण भरलं की बारीक खूण उमटतच नाही, आणि मुंबईचं नाणं कोलकात्याचं म्हणून डब्यात जातं. सालाचे चारही अंक, विशेषतः खालच्या कडा, धारदार असतील तरच कोलकाता म्हणा. अंकच पुसट असतील तर 'संशयित' असं लिहून वेगळं ठेवा.

परदेशी खुणाही पाकिटात येतात. १९८५ चा रुपया बर्मिंगहॅमहून पाडून आणला होता, त्यावर सालाखाली रोमन 'एच'. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मागणी भागेना म्हणून बाहेरून पुन्हा नाणी आणली. एक रुपयावर स्लोव्हाकियातल्या क्रेम्निट्साची 'एम-के' अक्षरं, मेक्सिकोचा डोक्यावर बारीक शून्य घेतलेला 'एम', पाचाच्या जाड्या नाण्यावर मॉस्कोची रशियन लिपीतली तीन अक्षरं. ही नाणी प्रचंड संख्येने आली, त्यामुळे 'परदेशी' म्हणून महाग समजू नका. पण पाकिटातून मिळणाऱ्या मालात यांच्याइतकं शिकवणारं दुसरं नाही.

एक सुचवतो, ताई. 'दुर्मीळ' शोधायला बसू नका, संच लावायला बसा. १९९२ ते २००४ चा कणसांचा रुपया, साल आडवं, टांकसाळ उभी, असा वहीत तक्ता आखा. प्रत्येक टांकसाळीने दर साली पाडलेलाच असेल असं नाही, काही चौकोन रिकामेच राहतील. पण तक्ता समोर असला की हातातलं नाणं हवं की नको याचा निर्णय दोन सेकंदांत होतो, आणि १६०० नाण्यांत वेळ खाणारी गोष्ट तीच असते.

---

परचुरण_पेटी (दांडिया बाजार)

दोघांचे आभार. स्पीकरचं चुंबक मिळालं. पाचची चारही पाकिटं झाली, एकची तीन झाली. चार ठिकाणी अडलंय.

(१) एकच्या पाकिटात २०११ नंतरची दोनची नाणी सहा निघाली. काट्यावर एकच्या जुन्या नाण्याइतकंच वजन. ही एकच्या कोऱ्या चकतीवर चुकून पडलेली समजायची का?

(२) पाचचं एक पिवळं, कडेला चंद्रकोरीसारखा चावा घेतल्यागत तुकडा नाही.

(३) दहाचं एक, मधली चकती किंचित बाजूला सरकलेली दिसते.

(४) दोनचं तुकाराम महाराजांचं, पण कुंकू आणि तेलाने माखलेलं. चिंचेने घासू का?

---

वजनकाटा

(१) नाही. यात अनेक जण फसतात. १९९२ पासून २०११ पर्यंतचा मोठा रुपया २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, स्टील. २०११ च्या मालिकेतलं दोनचं नाणंही २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, स्टील. दोघांची मापं मुळातच एक आहेत, म्हणून वजनावर भरलेल्या पाकिटात एकमेकांत मिसळतात. त्याच वेळी रुपया लहान केला, २२ मिमी आणि ३.७९ ग्रॅम, आणि २०१९ मध्ये आणखी लहान, २० मिमी आणि ३.०९. दोनचंही तसंच: २००५ पासूनचं गोल स्टीलचं २७ मिमी आणि ५.६२ ग्रॅम, २०११ चं वर सांगितलेलं, २०१९ चं २३ मिमी आणि ४.०७. चुकीच्या चकतीवर पडलेलं नाणं म्हणायचं तर वजन आणि व्यास दोन्ही त्या सालाच्या त्या नाण्याहून वेगळे हवेत आणि दुसऱ्या कुठल्या तरी नाण्याशी जुळायला हवेत. एक ग्रॅमचा काटा त्याला पुरत नाही, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणि व्यास मोजायला साधा व्हर्नियर घ्या. ०.१ ग्रॅमचा फरक सोडून द्या, अर्ध्या ग्रॅमच्या पुढे लक्ष घाला.

बँकेच्या दृष्टीने मात्र तुम्हाला सहा रुपये जास्त आले आहेत, परत भरताना ती दोनच्या पाकिटात घाला.

(२) याला क्लिप म्हणतात. पत्र्यातून चकत्या कापताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही की पुढचा काप आधीच्या भोकावर चढतो आणि चकती चंद्रकोरीने कमी पडते. खरी की कानसलेली, ते चाव्याकडे बघून ठरवू नका. चाव्याच्या बरोबर समोरची कड बघा. चकतीची कड उभी करताना ती दोन बाजूंनी दाबत फिरवतात. एका बाजूला धातूच नसेल तर त्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब बसत नाही आणि तिथली कड बुटकी, पसरट राहते. शिवाय खऱ्या चाव्याजवळची अक्षरं किंचित चाव्याकडे ओढल्यासारखी असतात, कारण ठोका बसताना धातू रिकाम्या जागेकडे वाहतो. समोरची कड उंच आणि धारदार, अक्षरं मध्येच कापल्यासारखी, तर कुणीतरी कानस चालवली आहे. वजनही बघा, ६ ग्रॅमच्या खाली हवं.

(३) हे जपून तपासा. दहाच्या नाण्यात कडं आणि चकती यांवर ठोका एकाच वेळी बसतो. म्हणजे सिंह आणि कड्यावरचं 'भारत' यांचा एकमेकांशी कोन कायम तोच असतो. भोक बाजूला पडून कडं एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ असेल आणि तरी सिंह 'भारत'च्या मानाने सरळ उभा असेल, तर ती टांकसाळीतली चूक. सिंह कलला असेल तर चकती कुणी तरी ठोकून काढून परत बसवली आहे. नाणं नखाने वाजवून पाहा, बसवलेली चकती बहुधा खुळखुळते.

या निमित्ताने फिरलेल्या ठशाचंही सांगतो. आपल्या नाण्यांना सिंह सरळ धरून पुस्तकाच्या पानासारखं आडवं उलटायचं. मागचा आकडा सरळच यायला हवा. (क्वार्टर उभं उलटावं लागतं, व्हिडिओ बघून शिकलेले इथेच गोंधळतात.) आकडा दहा-पंधरा अंश कलला तर विशेष नाही, तसे पुष्कळ असतात. नव्वदच्या पुढे गेला तर नक्की ठेवा.

ठशाला तडा गेला असेल तर नाण्यावर रेघ उठावाची येते, ओरखडा असेल तर खोल. बोटाने कळत नाही, आडव्या उजेडात भिंगाखाली बघा, उठावाच्या रेघेची सावली दिव्याच्या पलीकडच्या अंगाला पडते. आणि एका बाजूला सिंहाचीच उलटी, खोलगट प्रतिमा दिसली तर हर्षून जाण्याआधी दुसरी बाजू बघा. खऱ्या ब्रोकेजमध्ये (आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिल्याने पुढच्यावर त्याची उलटी प्रतिमा उमटते ती चूक) दुसरी बाजू नेहमीसारखी ठसठशीत असते. दोन नाणी शेगड्यात दाबून केलेल्या नकलेत दुसरी बाजू चपटलेली असते.

(४) चिंच अजिबात नको! लिंबू, राख, पितळ घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीच नको. तांबं-निकेलवर आम्ल लावलं की वरचा थर खरवडला जातो आणि नाणं गुलाबी-पांढरं, मेल्यासारखं दिसतं. तेलासाठी काचेच्या वाटीत ॲसिटोन घ्या (प्लॅस्टिकची वाटी विरघळेल), खिडकी उघडी, गॅस बंद, नाणं दहा मिनिटं बुडवा, पुन्हा स्वच्छ ॲसिटोनमध्ये दोन मिनिटं. मग डिस्टिल्ड वॉटर, मग मऊ सुती कपड्यावर टेकवून टिपा. पुसायचं नाही. कुंकवाचा डाग थोडा राहील. राहू द्या.

---

काठ_बघा_आधी

वजनकाटांच्या (४) मध्ये एक भर. ॲसिटोनची गरज फक्त तेल-तूप आणि टेपचा डिंक असेल तिथेच. नुसती धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये रात्रभर, तीनदा पाणी बदलून, एवढंच. प्रत्येक नाण्याला ॲसिटोन दाखवण्यात अर्थ नाही.

आणि ठेवण्याचं आत्ताच ठरवा. मऊ, लवचीक, रबरी वास येणारे खिसे म्हणजे पीव्हीसी. बडोद्याच्या पावसाळ्यात दोन-तीन वर्षांत नाण्यावर हिरवट चिकटा येतो. पुठ्ठ्याची चौकोनी घडी, आत मायलारची पारदर्शक खिडकी, ती घ्या. स्टेपल मारल्यावर पक्कडीने सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा पडतो. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दसऱ्याच्या आसपास बदला.

---

रोकड_खिडकी

परत भरण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

शंभराची पाकिटं ही रिझर्व्ह बँकेचीच सोय आहे. एक आणि दोनची नाणी वजनावर घेता येतात आणि शंभर-शंभरच्या पॉलिथीन पिशव्या असल्या तर रोखपालाला आणि ग्राहकाला दोघांना सोपं जातं, असं बँकांना दिलेल्या सूचनांतच आहे. स्वतःच्या खात्यात नाणी भरायला मर्यादा नाही. दुकानात देताना मात्र २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया व त्यावरची नाणी एका वेळी १००० रुपयांपर्यंत आणि पन्नास पैसे १० रुपयांपर्यंतच कायदेशीर चलन आहेत. २५ पैसे आणि त्याखालची ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ती पाकिटात आली तर बँक परत घेणार नाही, ठेवून द्या.

खिडकीवर कटकट होते ती तीन कारणांनी. एकात दुसरं मिसळलेलं असतं. मोजणी कमी असते, कारण लोक हवं ते नाणं काढतात आणि बदली घालायला विसरतात. आणि पाकिटात नेपाळी रुपया किंवा दिरहम तसाच राहतो. म्हणून काढलेल्या प्रत्येक नाण्यामागे लगेच दुसरं नाणं घाला, शेवटी मोजून नव्हे. पाकिटावर कागदाची चिठ्ठी: किंमत, नग, तारीख. ५४०० ची स्लिप किमतीप्रमाणे फोड करून भरा. महिन्याच्या १ ते १० तारखेला आणि सकाळी पेन्शनच्या रांगेत जाऊ नका. दुपारी जा.

घेताना 'नवी नाणी नकोत, परत आलेली द्या' असं स्पष्ट सांगा. सगळे नवी मागतात, त्यामुळे ही मागणी ऐकून कुणालाही बरंच वाटतं. आणि जिथून आणली त्याच शाखेत परत भरून पुन्हा तिथूनच घेतलीत तर तुमचीच चाळलेली नाणी परत मिळतील. घ्यायची शाखा एक, भरायची दुसरी. मंगळ बाजार, खंडेराव मार्केटच्या बाजूला जिथे किरकोळ धंदा जास्त, तिथल्या शाखांत परत आलेला माल जास्त असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्यूआर कोडवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग १२ शहरांत जाहीर झाला, त्यात बडोदंही होतं. यूपीआयने पैसे गेले की नाणी पडतात. सोय चांगली, पण शोधासाठी खिडकीच बरी, कारण तिथे माल बघून मागता येतो.

---

परचुरण_पेटी (दांडिया बाजार)

दहाच्या नाण्यात सिंह स्पष्ट कललेला आहे, आणि खुळखुळतंय. ते परत पाकिटात घालायचं का? पाचच्या क्लिपचं वजन ५ आणि ६ च्या मध्ये उड्या मारतंय, समोरची कड बुटकी आहे.

अजून एक. वैष्णोदेवीची पाचची दोन निघाली. फोनवर जाहिरात आली आहे, एका नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे काही हजार भरा, वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह.

---

वजनकाटा

क्लिप खरी आहे. घडीत घाला, वर वजन लिहा, पण ०.०१ च्या काट्यावर मोजल्यावरच. दहाचं छेडलेलं नाणं पाकिटात घालू नका, रोखपालाने बाजूला काढलं तर तुमची सगळी पाकिटं फोडून बघतील. दहा रुपये गेले समजा आणि नमुना म्हणून ठेवा, पुढचं खोटं ओळखायला तेच उपयोगी पडेल.

वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच आणि दहा, दोन्ही चलनात मुबलक सोडली होती. संग्रहात एक-एक असावं, त्यापलीकडे काही नाही. पैसे भरू नका. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीरपणे सांगितलं आहे की ती अशा व्यवहारात नसते आणि कुणाकडून शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकत घेणारा आधी पैसे मागत असेल तर बोलणं तिथेच संपवा, नंबर ब्लॉक करा, ओटीपी किंवा खात्याचा फोटो काही देऊ नका.

---

ठसा_आणि_ठोका

ताई, एकची उरलेली तीन पाकिटं उघडताना लहान, २२ मिमीचे रुपये सरळ बाजूला सारा. मोठे २५ मिमीचे तेवढेच तक्त्यासाठी बघा, काम निम्म्याहून कमी होईल. चाळणीसाठी वेगळं काही नको: जाड पुठ्ठ्यात २३ मिमीचं भोक पाडा, लहान रुपया त्यातून पडतो, मोठा अडतो. खाली टॉवेल अंथरा.

---

परचुरण_पेटी (दांडिया बाजार)

पुठ्ठा चालला. तीन पाकिटांतून मोठे ११४ निघाले, तक्त्यातले १९ चौकोन भरले. एक रुपया 'नोएडा' म्हणून लिहिला होता, दिवा आडवा ठेवून फिरवला तर सावली तुटली. पाच टोकं मोजली. हैदराबादच्या रकान्यात हलवला.